ओळीला बेचाळीस अक्षरं

उलव्यात तळमजल्याला राहायचा एकच फायदा:
माझी खिडकी आणि वॉचमनची केबिन
एकाच भिंतीच्या दोन बाजू.

मी सबटायटल्स लिहिते.
पडद्याखाली दोन ओळी, ओळीला बेचाळीस अक्षरं,
काना, मात्रा, मोकळी जागा, सगळं धरून.
तेवढ्यात माणसाला मरायचंही असतं
आणि कुणाला तरी हाकही मारायची असते.

या वेळी युद्ध आलं. नऊ भाग.
कुठल्याशा थंड मुलखातली तुकडी, बारा जण,
आणि एक पूल, जो पहिल्या भागात घ्यायचा असतो
आणि नवव्या भागातही घ्यायचाच असतो.

रात्री दोन वाजता खिडकीच्या गजांतून आवाज:
"ताई, गोळी लागल्यावर असं कोण वरडतंय व्हय?"
जोतिराम खोचरे. निवृत्त हवालदार, गडहिंग्लजकडचे.
हातात टॉर्च, गळ्यात शिट्टी,
नजर माझ्या पडद्यावर, कधीपासून कोण जाणे.
दुसऱ्या दिवसापासून मी मॉनिटर खिडकीकडे वळवून बसू लागले.

लढाई ते बघत नसत.
स्फोट सुरू झाले की पंप बघायला जात,
पार्किंगमधली कुत्री हाकलत,
आणि परत येऊन विचारत, "संपलं?"
त्यांना हवे असत मधले तुकडे, काहीच न घडणारे:
एक उकडलेला बटाटा, चौघे जण, एकच चाकू,
कापेल त्यानं शेवटी उचलायचं असा नियम.
अख्ख्या खंदकात एक कोरडा मोजा, आळीपाळीनं.
आणि तो चष्मेवाला, ज्याला सगळे छळतात,
चष्मा फुटल्यावर त्याचं पत्र दुसरा वाचून दाखवतो
आणि वाचता वाचता एक ओळ गाळतो.
"हे बराबर. परत लावा."
मी परत लावलं. तीनदा.
"ल्हिणारा जाऊन आलाय," खोचरे म्हणाले,
आणि जाऊन कुठे ते सांगितलं नाही.

सुरुवातीला मला बाराही जण सारखेच दिसायचे.
टोप्या सारख्या, चिखल सारखा.
पाचव्या भागात पाठमोऱ्या माणसाच्या नुसत्या खोकल्यावरून
मी नाव टाइप केलं, आणि ते बरोबर होतं.
मालिकेला बहुधा एवढंच करायचं होतं.
आधी नीट ओळख करून द्यायची.
मग.

सहाव्या भागात मी अडले.
ओढ्यापलीकडे जखमी पडलाय. एक जण उठतो.
दुसरा बंदुकीला गाल लावून दोनच शब्द बोलतो.
मी लिहिलं: तू पुढे हो, मी तुला संरक्षण देतो.
खोडलं.
शब्दकोशात आच्छादन होतं, गवताच्या गंजीवर घालतात ते.
खिडकीला विचारलं, "तुम्ही काय म्हणायचा?"

खोचऱ्यांनी शिट्टी गळ्यातून काढली, परत घातली.
विमानतळाच्या अंगाला एक डंपर
टूं टूं करत बराच वेळ मागे येत राहिला.
"म्हणायला येळ कुठला. तरी म्हणायचो,
जा, मी हाय."

मी 'हाय'चं 'आहे' केलं. अक्षरं तेवढीच भरली.
पूर्णविरामासकट अकरा.
एकतीस जागा मोकळ्या राहिल्या
आणि त्यांत घालायला माझ्याकडे काही नव्हतं.

मी काहीच विचारलं नव्हतं.
तेच बोलले, गेटकडे बघत, थोड्या वेळानं:
"दौलू न्हाई आला माघारी.
आन् मी हुतो की तितंच."

शेवटच्या भागाच्या रात्री त्यांनी विचारलं,
"किती उरल्यात?"
"पाच."
"मग ऱ्हाऊ देत तेवढे,"
आणि टॉर्च घेऊन बी विंगकडे राउंडला गेले.

मी मॉनिटर भिंतीकडे फिरवला,
आवाज अगदी बारीक केला,
आणि उरलेलं काम एकटीनं संपवलं.
कितीचे किती झाले ते अजून बोलले नाही.

सकाळी दूध घ्यायला गेले तेव्हा
केबिनच्या टेबलावर रजिस्टर उघडं होतं.
पंप चार दहाला बंद. गाड्या एकोणसत्तर.
रात्री विशेष काही नाही.
खाली सही, पल्टणीतल्यासारखी, नंबरासकट.